परातीतलं मिठागर

जांभळं आली बाई एकदाची. चंदीगडात जुलै लागला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं नुसती ओतायला लागतात. रस्ता जांभळा, फुटपाथ जांभळा, चपलांचे तळ जांभळे, आणि सकाळी फिरायला निघणाऱ्या आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यांचं तर काही खरं नसतं. चौघं जण चादरीची चार टोकं धरून झाडाखाली उभे राहतात, पाचवा वर चढून फांदी हलवतो, आणि खालून हळू हलव म्हणून ओरडा होतो, "ओए, हौली यार, हौली!" आमच्या वसईकडे जांभळं पावसाच्या आधीच आटपतात. इथे ती पावसाबरोबर येतात. पन्नास वर्षं झाली मला इथे, तरी याचं नवल काही गेलेलं नाही.

कोपऱ्यावर जांभळंवाला बसतो. मूठभर जांभळं एका वाडग्यात टाकतो, वर मीठ भुरभुरतो, दुसरं वाडगं पालथं झाकतो आणि दोन्ही हातांनी असं काही खुळखुळवतो की तोंडाला पाणीच सुटावं. मी म्हणते, "नमक और डालो." तो म्हणतो, "माताजी, बीपी वध जाऊ." वाढू दे मेलं. मिठागरावरच्या माणसाची लेक आहे मी, मला मिठाची भीती घालतो!

माझी लेक मार्था आता पन्नाशीला आली. आयटी पार्कात मोठ्या हुद्द्यावर आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर देईल तर हिंदीत. जांभळांचा द्रोण घेऊन मी घरात शिरले की तिला लगेच कळतं पुढे काय येणार. हात जोडून म्हणते, "मम्मी, प्लीज, फिर वही नमकवाली कहानी मत सुनाना." मी म्हणते, अगं शहाणे, तुझ्याच बाप्तिस्म्याची गोष्ट आहे ती. तू तेव्हा दीड महिन्याची होतीस, नाकाला शेंबूड आणि डोक्यावर चार केस. तू नको ऐकूस, मी दुसऱ्या कुणाला सांगते.

तर तुम्हाला सांगते.

माझे बाबा मिठागरात काम करायचे. मीठ बनवतात असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, मीठ पिकवतात म्हणतात. भातासारखंच ते, त्यालाही हंगाम असतो. दिवाळी झाली की बांध घालायचे, समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवायचं, आणि मग उन्हाची वाट बघायची. बाबांच्या पायांना भेगा पडलेल्या असत, त्यात मीठ जाऊन ते रात्रंदिवस चुरचुरत. पण रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना त्याच पायांत बूट घालून असे काही ताठ चालत की बघणाऱ्याला वाटावं, गावचे पाटील निघाले. याचं कारण होतं. लहानपणी त्यांनी प्रवचनात ऐकलेलं, की प्रभू येशूने आपल्या माणसांना मीठ म्हटलं. ते त्यांनी आयुष्यभर पदकासारखं मिरवलं. "सोनं म्हटलं नाही, हिरेमाणकं म्हटलं नाही," ते जेवताना आम्हाला ऐकवायचे. "मीठ म्हटलं. म्हणजे आपला धंदा देवाला ठाऊक आहे."

आई त्यावर म्हणायची, "धंदा ठाऊक असता तर भेगांना मलम नसतं दिलं?" आणि दोघं हसत सुटायचे.

त्या काळी आमच्याकडे बाप्तिस्म्याला मूल आणलं की पाणी घालायच्या आधी फादर त्याच्या जिभेवर मिठाचा एक खडा ठेवायचे. मीठ जसं मासा नासू देत नाही, तसं हे लेकरू नासू नये, आणि देवाच्या शब्दाची त्याला चव लागावी, असा त्याचा अर्थ. आमच्या चर्चमध्ये मीठ चर्चचंच असे, पण आम्हा पाच भावंडांच्या वेळी बाबा घरून, स्वतः पिकवलेल्या मिठाची पुरचुंडी घेऊन गेलेले. आमच्या घरी त्याची शपथ घालत. कुणी खोटं बोललं की आई म्हणायची, "जीभ बाहेर काढ. कुणाचं मीठ आहे त्यावर?" झालं, खोटं तिथेच गळून पडायचं.

मी लग्न करून चंदीगडला आले ती सत्तरच्या दशकात. जोसेफ, माझा नवरा, सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं जुळवायचा. जवळच क्वार्टर मिळालं होतं, दुसऱ्या मजल्यावरचं, विटांच्या जाळीचा व्हरांडा असलेलं. मार्था पोटात होती तेव्हाच बाबा गेले. मला इतक्या लांबून पोचता आलं नाही. ती बोच काय होती ते सांगायला नको. बाबांनी त्या वर्षी पिकवलेल्या मिठातलं पायलीभर मीठ आईने बाजूला काढून ठेवलं होतं, आणि त्यातलं अर्धा शेर, निवडून, फडक्यात बांधून, दोन गाड्या बदलून ती मार्थाच्या बाप्तिस्म्याला चंदीगडला आली. स्टेशनवर उतरली, माझ्याकडे बघितलं नाही, नातीकडे बघितलं नाही. आधी कमरेची पुरचुंडी चाचपली आणि म्हणाली, "आलं गो बाय, तुझ्या बाबांचं मीठ आलं."

मग आम्ही दोघी फलाटावरच रडलो. जोसेफ बिचारा एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात बोचकी घेऊन उभा.

बाबांना नातीच्या बाप्तिस्म्याला येता आलं नाही. आता त्यांच्या हातचा खडा तरी तिच्या जिभेवर पडायला हवा होता. आईला दुसरं काही नको होतं. मलाही नको होतं.

व्हरांड्यात कोपऱ्यातल्या फळीवर आमचा अल्तार होता. क्रूस, मरियेची मूर्ती, दोन मेणबत्त्या. आईने पुरचुंडी सोडली, फडक्यासकट मीठ एका पसरट इनॅमलच्या वाडग्यात ठेवलं आणि वाडगं क्रूसापुढे, उघडंच. मी म्हटलं, "आई, बरणीत घालू का? पावसाचे दिवस आहेत." जन्मभर मिठात वावरलेली बाई ती. वसईला पावसाळ्यात मिठाची रास गवताने शाकारतात, घरातलं मीठ चुलीजवळ ठेवतात, हे तिनेच मला शिकवलेलं. पण इथे तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मला काही कळतच नाही.

"इथे कुठे समुद्र आहे?" ती म्हणाली. "मिठाला घाम फुटतो तो समुद्राच्या वाऱ्याने. इथल्या पावसात काय दम आहे? राहू दे देवासमोर."

आता एवढ्या अनुभवी बाईला मी काय शिकवणार! राहू दिलं.

मंगळवारी दुपारी आम्ही फादरना भेटायला गेलो. रविवारी बाप्तिस्मा ठरला होता. फादर तरुण होते, मंगळूरकडचे, नवीनच आलेले. हिंदी आमच्यासारखीच मोडकी. आईने मोठ्या उत्साहाने मिठाचं सांगितलं, मी हिंदीत केलं. फादरचा चेहरा उतरला. म्हणाले, "माँजी, अब वो नहीं होता." रोमहून नवे विधी आले होते. लॅटिन गेलं होतं, बरंच काही सुटसुटीत झालं होतं, आणि त्यात जिभेवरचं मीठही गेलं होतं. मी आईला मराठीत सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नक्की मीठच म्हणतोय ना?" रिक्षात मार्थाला छातीशी धरून बसली. तेवढ्यात पावसाची एक जोरदार सर आली. रिक्षावाला झाडाखाली थांबला. वरून टपटप जांभळं पडत होती, आणि एरवी लहान मुलासारखी वेचायला धावणारी माझी आई मान वर करीना.

घरी आलो, दार उघडलं आणि मीच किंचाळले. पावसाबरोबर वारा होता. विटांच्या जाळीतून सगळा पाऊस आत आला होता. व्हरांड्यात तळं, मेणबत्त्या आडव्या, आणि वाडगं पाण्याने काठोकाठ भरलेलं. मीठ नव्हतं. फडकं तेवढं तळाशी बसलं होतं.

आईने फडकं उचललं. त्यात चिमूटभर करडा गाळ राहिला होता. तिने तो जिभेला लावला आणि फडकं माझ्यापुढे धरलं. मीही चाखला. कसलीच चव नाही, नुसती माती. मिठाचा खारटपणा गेला तर ते पायदळी टाकण्याच्या लायकीचं राहतं, असं आम्ही चर्चमध्ये शंभरदा ऐकलं होतं. मला नेहमी वाटायचं, मीठ कसं काय अळणी होईल? आता तो गाळ जिभेवर होता. आई खाली बसली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "मी आले कशाला इथे?"

मला तिचा राग आला, फादरचा आला, रोमचा आला, आणि ज्याने जाळीची भिंत बांधली त्या इंजिनिअरचा तर फारच आला. मी वाडगं उचलून ओतायला मोरीकडे निघाले, तशी आई ताडकन उठली.

"थांब! काय करतेस? ओतते कुठे?"

"आता काय राहिलंय त्यात?"

"काय राहिलंय म्हणजे?" तिने वाडग्यात बोट बुडवलं, चाखलं, आणि तिचा चेहरा बघता बघता बदलला. "अगो, सगळं इथेच आहे. मीठ येतं कुठून? पाण्यातूनच येतं ना? मंगळवार आहे आज. मला रविवारपर्यंतचं ऊन दे."

जोसेफ कामावरून आला तेव्हा त्याला हा बेत कळला. तो पडला शास्त्रातला माणूस. म्हणाला, "त्यात काय, स्टोव्हवर ठेवू. अर्ध्या तासात पाणी उडेल." आईने त्याला जे ऐकवलं ते मी इथे थोडक्यात देते. तिच्या नवऱ्याने जन्मात कधी मीठ शिजवलं नव्हतं. मीठ ऊन पिकवतं, माणसाने फक्त राखण करायची. आणि रॉकेलच्या वासाचं मीठ तिच्या नातीच्या जिभेवर पडणार असेल तर ती आत्ताच्या आत्ता स्टेशनवर जाते. जोसेफ म्हणाला, "पक्का. ऊन तर ऊन."

आता परात हवी. चांगली पसरट, म्हणजे पाणी पातळ पसरेल. शेजारच्या बीजी त्यांची कणीक मळायची भलीमोठी पितळी परात घेऊन धावत आल्या. आईने हात जोडले. पितळेला मीठ लागलं की हिरवं होतं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सुमनताई आल्या. मूळच्या साताऱ्याच्या, यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. रुखवतातली स्टीलची परात त्यांनी ट्रंकेतून काढून दिली. काठावर कोरलेलं होतं, 'चि. सुमन हिस आईकडून'. आई बिचारी अंगठा उठवणारी. मी वाचून दाखवलं, तशी त्या अक्षरांवरून बोट फिरवून म्हणाली, "कुणाच्या तरी आईचं दिसतंय. चालेल."

असं आमच्या गच्चीवर मिठागर पिकायला लागलं. परातीएवढं. आईने गाळ खाली राहील अशा बेताने पाणी फडक्यातून गाळलं, परातीत ओतलं, आणि स्वतः पत्र्याच्या सावलीत मार्थाला मांडीवर घेऊन बसली. ढग आला की "झाका!" असा पुकारा. बीजींच्या मुली एकेक पायरी गाळत वर धावायच्या, परातीवर पाट ठेवायच्या. ढग गेला की "उघडा!" बुधवारी ऊन कमी. गुरुवारी अजिबात नाही, नुसती घामट हवा. आईने दिवसभर आकाशाशी भांडण केलं. जोसेफने कुठूनसा थर्मामीटर आणून परातीजवळ ठेवला आणि दर तासाला आकडे सांगायला लागला. आई म्हणाली, "त्या काचेच्या काडीला विचारून ऊन पडणार आहे का?"

मला ते दिवस आठवले की हसूच येतं. मूल आणि परात, दोघांच्या राखणीला अख्खी बिल्डिंग. खाली रस्त्यावर जांभळंवाले ओरडतायत, कुणीतरी द्रोण भरून वर पाठवतंय, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या, आणि आई बीजींना मराठीत मिठाचं शास्त्र सांगतेय, बीजी पंजाबीत "हां जी, हां जी" म्हणतायत. कुणाला कुणाचं अक्षर कळत नव्हतं, आणि गप्पा काही थांबत नव्हत्या.

शुक्रवारी ऊन पडलं. काय ऊन पडलं म्हणून सांगू! दुपारी दोनच्या सुमारास आईने मला हाक मारली. पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरला होता. तिने फुंकर घातली, पापुद्रा मोडून तळाशी बसला. वाकून बघितलं तर बारीक बारीक चौकोनी दाणे. मी चक्क टाळ्या पिटल्या. शनिवारी सकाळी उरलेलं थोडं पाणी तिने परात कलती करून ओतून टाकलं. ते कडू पाणी मिठात राहिलं तर मीठ ओल धरतं, म्हणून. आणि दुपारपर्यंत परातीत मीठ होतं. अर्धा शेर नव्हतं, दोन ओंजळी असेल. पण वसईहून आणलं होतं त्याहून पांढरं.

आईने त्यातली चिमूट सुमनताईंपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. "अगंबाई, हातावर नको. खाली ठेवा. हातावर मीठ दिलं की भांडण होतं."

"आमच्यात उलटं आहे," आई म्हणाली. "देवाने माणसांशी करार केला तो मिठाचा, असं आमचे म्हातारे फादर सांगायचे. एकदा कुणाबरोबर मीठ खाल्लं की त्याच्याशी वैर धरायची सोयच राहत नाही."

सुमनताई म्हणाल्या, "म्हणजे खाल्ल्या मिठाला जागायचं, तेच की."

"तेच."

सुमनताईंनी हात पुढे केला. पुढे आमची भांडणं झाली, नाही असं नाही. पण ती वरून टपकणाऱ्या ओल्या कपड्यांवरून, मिठावरून नव्हे.

मीठ झालं, पण विधीत त्याला जागा नव्हती ती नव्हतीच. शनिवारी संध्याकाळी आई मला घेऊन पुन्हा फादरकडे गेली. या वेळी तिने विनवलं नाही. पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि सगळी हकीगत सांगितली, पाऊस, गाळ, परात, सगळं. मी हिंदी करत गेले. फादर ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकाशी आले. त्यांनी एक जाड पुस्तक काढलं, पानं उलटली. म्हणाले, जिभेवर ठेवायची परवानगी नाही, ते मला मोडता येणार नाही. पण रविवारी मिस्साच्या सुरुवातीला पाणी आशीर्वादित करून लोकांवर शिंपडता येतं, आणि त्या पाण्यात मीठ घालायची मुभा अजून आहे. मी तुमचं मीठ आशीर्वादित करीन, पाण्यात घालीन आणि ते सगळ्यांवर शिंपडीन. बाळावरही.

मी आईला सांगितलं.

"पाण्यात?" ती म्हणाली. "परत पाण्यात?"

चार दिवस उन्हात बसून जे पाण्यातून काढलं, ते पुन्हा पाण्यात! रात्री ती जेवली नाही. मीही तिला समजावायला गेले नाही, कारण माझीच समजूत पटली नव्हती. चिमूटभर मीठ बादलीभर पाण्यात, त्यातला एक थेंब मार्थाच्या टाळूवर. त्यात बाबांचं मीठ ते किती असणार?

रविवारी चर्च भरलं होतं. पंजाबी, केरळी, तमिळ, झारखंडकडच्या मुली, आम्ही दोन-तीन वसईवाले. पाठीमागच्या बाकावर सुमनताई आणि बीजी, परातीच्या हक्काने आलेल्या. फादरनी आईला पुढे बोलावलं. पाण्याचं भांडं होतं, बादली कसली, छोटं पितळी भांडं. त्यांनी मिठावर हात ठेवून प्रार्थना म्हटली आणि हळूच म्हणाले, "बस, एक चुटकी, माँजी."

आईने चिमूट उचलली. मग थांबली. पुरचुंडीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही परत येणार. तिने चिमूट पुरचुंडीत परत टाकली, आणि अख्खी पुरचुंडी भांड्यात उलटी केली. फादर "अरे, अरे" म्हणेपर्यंत फडकंही झटकलं. जागेवर येऊन बसली तेव्हा मी कानात विचारलं, "आई, सगळं?"

"तुझ्या बाबांनी कधी घरात साठवायला मीठ पिकवलं होतं का?" ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या ताटात जायलाच ना?"

फादर पाणी शिंपडत निघाले. आणि एकेक बाकावर गंमत सुरू झाली. पाणी चेहऱ्यावर पडलं की माणसं चमकत होती. ओठ चाटत होती. एक सरदारासारखा उंच पंजाबी गृहस्थ शेजारणीला कुजबुजला, "खारा है!" लहान मुलं खुशाल जीभ बाहेर काढून बसली. अख्ख्या चर्चला समुद्राची चव आली होती. इथल्या निम्म्या माणसांनी जन्मात समुद्र बघितला नसेल. मला एकाएकी वाटलं, बाबा ताठ चालत आत आलेत. आणि मी त्या भरल्या चर्चमध्ये हुंदके देऊन रडायला लागले, आणि हसायलाही, इतकं भरून आलं.

आमच्या बाकाशी फादर थांबले. त्यांनी मार्थाकडे बघितलं, मग आईकडे, आणि कुंचला भांड्यात चांगला बुडवून असा झटकला की पाणी पोरीच्या कपाळावरून, नाकावरून थेट ओठांवर उतरलं. मार्थाने डोळे घट्ट मिटले, तोंड वेडंवाकडं केलं. आम्ही सगळे श्वास रोखून. मग तिची एवढीशी गुलाबी जीभ बाहेर आली, ओठावरून फिरली, आत गेली. आणि पुन्हा बाहेर आली.

"चाटलं!" आई भर मिस्सात मराठीत ओरडली. "चाटलं गो बाय, चाटलं तिने!" मंडळी वळून बघायला लागली, फादर हसू दाबत पुढे सरकले. आईने पदराने नातीचा चेहरा पुसला नाही. ते ओलं तोंड तसंच छातीशी धरलं, वर छताकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, पोचलं."